गठ्ठा कोण बांधतो?



४ सप्टेंबर २०२५ ला दादाभाई नौरोजींच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्ताने दादाभाईंवर बरीच भाषणं झाली. त्यांच्या मतदारांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, म्हणून मी त्या टोकाने सुरुवात करणार आहे आणि तिथून आजच्या ब्रिटनमधल्या वांशिक अल्पसंख्याकांच्या मतदानाकडे येणार आहे.

१८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून आले. फेरमोजणीनंतर मताधिक्य उरलं अवघं ३. त्यांना मतं दिली ती क्लार्कनवेलच्या घड्याळजींनी, कारागिरांनी, दुकानदारांनी. मतदारयादीत हिंदी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. चारच वर्षांपूर्वी पंतप्रधान सॉल्सबरी एडिंबराच्या भाषणात म्हणाले होते की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके अजून पुढे गेलेले नाहीत. हा टोला दादाभाईंनाच होता, आणि त्यामुळे त्यांचं नाव घरोघर पोचलं.

तीन वर्षांनी, १८९५ साली, मंचेरजी भावनगरी हे दुसरे मुंबईकर पारशी गृहस्थ ईशान्य बेथनल ग्रीनमधून निवडून आले. हे हुजूर पक्षाचे, साम्राज्याचे खंदे समर्थक. १९२२ साली तिसरे आले ते शापूरजी सकलातवाला, उत्तर बॅटरसीमधून. जमशेटजी टाटांचे भाचे आणि कम्युनिस्ट! एक शहर, एक धर्म, एक छोटासा समाज, सदस्य तीन आणि पक्षही तीन. एखाद्या समाजाची माणसं मुळातच एका पक्षाकडे झुकलेली असतात, या समजुतीला इतकं नेटकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आता पुढचं दृश्य बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाब, मीरपूर, सिल्हेट, जमैका, नंतर पूर्व आफ्रिका इथून लाखो माणसं ब्रिटनमध्ये आली, आणि त्यांतली दर पाचांपैकी चौघं कित्येक दशकं एकाच पक्षाला, मजूर पक्षाला, मत देत राहिली. शीख ओतारी, गुजराती दुकानदार, बार्बाडोसहून आलेली परिचारिका, सिल्हेटी आचारी. ही माणसं एकमेकांच्या घरी जेवायला जाण्याचा प्रश्न नव्हता, मत मात्र एकाच पेटीत. हे कसं झालं, आणि अलीकडे ते का विस्कटतंय, हा माझा आजचा विषय.

आधी एक कायद्याची बाब सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी माहीत नसते. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, ते तिथे कायदेशीरपणे राहत असतील तर, ब्रिटिश नागरिकत्व न घेताही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. जर्मनीत तुर्की कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या मताविना काढाव्या लागल्या. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी कामगाराला ते मत आल्याआल्या मिळालं. आजही पुण्याचा एखादा अभियंता कामाच्या व्हिसावर रेडिंगला गेला तर तो तिथल्या खासदारासाठी मतदान करू शकतो. गंमत गोव्याच्या माणसांची आहे. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलामुळे पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवून हजारो गोंयकार ब्रिटनला गेले, स्विंडनसारख्या शहरात तर त्यांची मोठी वस्ती झाली. पण पोर्तुगीज नागरिक म्हणून त्यांना पार्लमेंटसाठी मत नाही, आणि २०१६ साली युरोपीय संघात राहायचं की नाही या सार्वमतातही ते नव्हतं. त्याच गल्लीत भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या शेजाऱ्याला दोन्ही ठिकाणी होतं. ज्याचं सगळं भवितव्य त्या सार्वमतावर अवलंबून तो घरी बसला, आणि ज्याचा युरोपशी काडीचा संबंध नाही तो रांगेत उभा राहिला. जनगणनेतल्या ‘भारतीय’ या चौकटीत हे दोघंही येतात, तेव्हा त्या चौकटीवरून मतांचे आडाखे बांधणाऱ्यांनी जरा जपून.

आता त्या एकगठ्ठा मतांकडे येऊ.

१९६४ सालची सार्वत्रिक निवडणूक. देशभर वारं मजूर पक्षाचं, तेरा वर्षांनी त्यांची सत्ता येत होती. पण बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये मजूर पक्षाचे भावी परराष्ट्रमंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडले. त्यांना पाडणारे हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स. प्रचारात काळ्या शेजाऱ्यांची भीती घालणारी अतिशय हीन घोषणा गावभर फिरत होती आणि उमेदवाराने तिचा निषेध करायला नकार दिला. चार वर्षांनी, २० एप्रिल १९६८ ला, बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पक्षनेते हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं हे खरं, पण लंडनचे गोदी कामगार पॉवेलच्या समर्थनार्थ मोर्चा घेऊन निघाले तेही खरं. १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर म्हटलं की परक्या संस्कृतीच्या लोंढ्यात आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते. एवढं ऐकल्यावर साउथॉलच्या शीख कुटुंबाने कुणाला मत द्यावं, हे त्याला कुण्या पुढाऱ्याने सांगायची गरज नव्हती.

मजूर पक्ष तरी धुतल्या तांदळासारखा होता का? मुळीच नाही. केनियातून निघालेल्या, ब्रिटिश पासपोर्ट हातात असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचा प्रवेश रोखणारा १९६८ चा कायदा मजूर पक्षाच्या सरकारने केला, तोही आठवड्याभरात, घाईघाईने. याउलट १९७२ मध्ये ईदी अमीनने युगांडातून हाकललेल्या सुमारे २८ हजार लोकांना हीथ यांच्या हुजूर सरकारने, स्वपक्षीयांचा विरोध पत्करून, आसरा दिला. म्हणजे उपकाराचा हिशेब मांडायचा तर तो सरळ नाही. तराजू मजूर पक्षाकडे झुकला तो १९६५, १९६८ आणि १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यांनी. घर भाड्याने देताना, नोकरीवर ठेवताना, कातडीचा रंग पाहून नकार देणं गुन्हा नाही तरी निदान बेकायदा ठरलं. दारावर आलेल्या कार्यकर्त्याला सांगता येण्यासारखी ही गोष्ट होती.

लेस्टर शहराचं उदाहरण मी जरा सावकाश घेणार आहे, कारण या साऱ्या कथेचे धागे तिथे एकत्र येतात. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या नगर परिषदेने ‘युगांडा आर्गस’ या कंपालाच्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली. आशय असा की इथली घरं, शाळा, दवाखाने भरले आहेत, तेव्हा स्वतःच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. ज्यांनी तोवर लेस्टरचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ते ऐकलं, आणि हजारोंनी लोक लेस्टरलाच आले. बेलग्रेव्ह रोडवरची ओस पडत चाललेली दुकानं त्यांनी घेतली. आज त्या रस्त्याला ‘गोल्डन माइल’ म्हणतात. सराफांच्या पेढ्या, साड्यांची दुकानं, फरसाण, आणि दिवाळीला हजारोंची गर्दी. २०२१ च्या जनगणनेत शहरातले ३४ टक्के लोक भारतीय वंशाचे निघाले.

या लोकांनी हीथसाहेबांचे उपकार स्मरून हुजूर पक्षाला मतं दिली असतील असं तुम्हाला वाटेल. त्यांनी १९८७ साली पूर्व लेस्टरमधून मजूर पक्षाचे कीथ व्हाझ निवडून दिले. व्हाझ मूळ गोव्याच्या कुटुंबातले, एडनमध्ये जन्मलेले कॅथलिक. त्याच निवडणुकीत डायान अ‍ॅबट, पॉल बोटेंग आणि बर्नी ग्रँटही आले, चौघंही मजूर पक्षाचे. व्हाझ मग ३२ वर्षं त्या जागेवरून हलले नाहीत.

इथे एक प्रश्न अभ्यासकांना सतावत होता. ब्रिटिश मतदान म्हणजे वर्ग, हे राज्यशास्त्राचं पहिलं सूत्र मानलं जाई. गिरणीवाला मजूर पक्षाला, बँक मॅनेजर हुजूर पक्षाला. मग गोल्डन माइलवरचा सराफ? दुकानाचा मालक, घराचा मालक, कर कमी हवा म्हणणारा, मुलांनी शिकावं, कुटुंब सांभाळावं, देवधर्म करावा अशा विचारांचा. कागदावर तो हुजूर पक्षाचा आदर्श मतदार. मत मात्र न चुकता मजूर पक्षाला.

याचं पद्धतशीर उत्तर २०१० च्या एका मोठ्या पाहणीने दिलं. अँथनी हीथ, मारिया सोबोलेव्स्का, डेव्हिड सँडर्स, स्टीफन फिशर वगैरे अभ्यासकांनी ती केली. अशी वेगळी पाहणी का लागली, तेही सांगतो. हजार जणांच्या नेहमीच्या जनमत चाचणीत अल्पसंख्य साधारण शंभर-दीडशे येणार, त्यांत भारतीय तीसएक आणि बांगलादेशी पाच-सात. पाच-सात माणसांवरून टक्केवारी काढणं म्हणजे भविष्य सांगणं. शिवाय इंटरनेटवरच्या चाचण्यांत इंग्रजी उत्तम असलेली तरुण माणसंच जास्त सापडतात, आणि आजीबाई कुणालाच सापडत नाहीत. या पाहणीत घरोघर जाऊन सुमारे २,८०० अल्पसंख्य मतदारांशी बोलणं झालं.

निष्कर्ष असा. देशभर मजूर पक्षाला त्या निवडणुकीत २९ टक्के मतं मिळाली, अल्पसंख्याकांत ६८. आफ्रिकी वंशाच्या मतदारांत ८५ च्या पुढे, कॅरिबियनांत ७८, भारतीयांत ६१. वर्गाने पडणारा फरक अल्पसंख्याकांत अगदी क्षीण होता. सुस्थित डॉक्टर आणि बसचालक साधारण एकाच पक्षाकडे. करांबाबत, खर्चाबाबत त्यांची मतं गोऱ्या मतदारांपेक्षा काही फार डावी नव्हती. वेगळेपण दिसलं ते भेदभावाच्या अनुभवात: आपल्या समाजाला इथे समान वागणूक मिळत नाही, आणि त्यावर काही करील तर तो एकच पक्ष, ही धारणा. मुख्य म्हणजे ही धारणा ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीत अधिक तीव्र होती. बापाने मुकाट्याने गिळलेला अपमान मुलाला बोचतो, कारण मुलगा स्वतःला इंग्रजच समजत असतो.

‘गठ्ठा मतदान’ हा शब्द आपण ज्या कुत्सितपणे वापरतो तो मला म्हणूनच पटत नाही. डर्बीशरमधला बोल्सोव्हर हा खाणकामगारांचा मतदारसंघ १९५० साली अस्तित्वात आला तेव्हापासून २०१९ पर्यंत एकदाही मजूर पक्षापासून ढळला नाही. त्याला कुणी गठ्ठा म्हटलं नाही, निष्ठा म्हटलं. सरेच्या हिरव्यागार उपनगरांत हुजूर पक्षाने दगडाला तिकीट दिलं तरी निवडून येई, त्याला परंपरा म्हटलं. गोरे मतदार गठ्ठ्याने मत देतात तेव्हा तो भूगोल ठरतो. अल्पसंख्य तेच करतात तेव्हा कट ठरतो.

आणि खरोखर गठ्ठा बांधायचे प्रयत्न झाले ते बहुतेकदा पक्षांनीच केले. ब्रॅडफर्डचं उदाहरण घ्या. मंगला धरणाने विस्थापित झालेल्या मीरपूरच्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती. त्यांची बिरादरी म्हणजे थेट आपली भावकी. बिरादरीच्या चार ज्येष्ठांना धरलं की अख्खं घर, अख्खी गल्ली मिळते, हे मजूर पक्षाच्या स्थानिक यंत्रणेला चांगलं ठाऊक होतं. बायकांशी, तरुणांशी स्वतंत्रपणे बोलायची तसदी कुणी घेईना. २०१२ च्या पोटनिवडणुकीत जॉर्ज गॅलोवे हा स्कॉटिश फर्डा वक्ता उपटसुंभासारखा उगवला आणि १०,१४० च्या मताधिक्याने पश्चिम ब्रॅडफर्ड घेऊन गेला. बाहेरच्यांनी लिहिलं, ‘मुस्लिम मतांचा गठ्ठा’. प्रत्यक्षात तिथल्या तरुणांनी नि बायकांनी बिरादरीच्या ज्येष्ठांचं ऐकायचं नाकारलं होतं, गठ्ठा सुटला होता. तीन वर्षांनी त्याच मतदारसंघाने गॅलोवेंना अकरा हजारांवर मतांनी घरी पाठवलं, आणि नाझ शाह या स्थानिक बाईंना निवडलं.

हुजूर पक्षाचं गणित वेगळं होतं. त्यांनी हिंदू नि शीख मध्यमवर्ग हेरला. डेव्हिड कॅमेरन यांच्या २०१५ च्या प्रचारासाठी हिंदी गाणं निघालं, मंदिरांच्या भेटी झाल्या, आणि हे थोडंफार फळलंही. पण २०१६ च्या लंडन महापौर निवडणुकीत या चतुराईने टोक गाठलं. झॅक गोल्डस्मिथ यांच्या प्रचारपत्रकांत भारतीय आणि तमिळ घरांना सांगितलं गेलं की मजूर पक्षाचे सादिक खान आले तर तुमच्या घरच्या दागिन्यांवर कराची टांगती तलवार आहे. आडनावं चाळून बनवलेल्या याद्यांवर ही पत्रं गेली. कल्पना करा, हॅरोच्या एखाद्या घरी मुलगी वकील, मुलगा बँकेत, आणि दारातून पत्र येतं ते आजीच्या पाटल्यांबद्दल! पुष्कळांना त्यात आपुलकीऐवजी अडाणीपणा दिसला. खान सहज निवडून आले.

हिंदू मतदारांत मोठी फट पडली ती २०१९ मध्ये. त्या सप्टेंबरात मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर ठराव झाला. आंतरराष्ट्रीय निरीक्षक, स्वयंनिर्णय अशी त्याची भाषा. व्हॉट्सअ‍ॅपवर वणवा पेटला. नोव्हेंबरात पक्षाध्यक्ष इयान लॅव्हरी यांनी, पक्ष कोणाचीच बाजू घेत नाही, असं पत्र काढलं, पण तोवर बूंद से गयी होती. पूर्व लेस्टरमध्ये २०१७ साली व्हाझ यांचं मताधिक्य २२,४२८ होतं. २०१९ मध्ये व्हाझ यांच्या जागी उभ्या राहिलेल्या क्लॉडिया वेब यांना ते ६,०१९ वर आलेलं पाहावं लागलं.

मग आली ४ जुलै २०२४ ची रात्र. ऋषी सुनक यांच्या नेतृत्वाखाली हुजूर पक्ष १२१ जागांवर कोसळला, आणि अख्ख्या देशात त्यांनी दुसऱ्याकडून हिसकावलेली जागा एकच, पूर्व लेस्टर. विजयी उमेदवार २९ वर्षांच्या शिवानी राजा. दुसऱ्या दिवशीचे मथळे तुम्ही मनातल्या मनात लिहू शकता: हिंदूंनी मजूर पक्ष सोडला. आता मतं मोजा. २०१९ मध्ये हरलेल्या हुजूर उमेदवाराला १९ हजारांवर मतं होती, २०२४ मध्ये जिंकलेल्या राजाबाईंना साडेचौदा हजार. म्हणजे पक्षाची मतं घटली आणि जागा आली! (सीमा थोड्या बदलल्या होत्या, पण एवढ्या नाही.) मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला जेमतेम दहा हजार पडली. पक्षातून काढून टाकलेल्या क्लॉडिया वेब अपक्ष म्हणून उभ्या होत्या, त्यांनी साडेपाच हजार घेतली. आणि कीथ व्हाझ, हो, तेच, वेगळ्या पक्षाकडून उभे राहून साडेतीन हजारांवर घेऊन गेले. घरचीच भांडणं चव्हाट्यावर. हिंदू मतदारांचा कल बदलला होता यात शंका नाही, पण तो आधीच्या निवडणुकीत. २०२४ ची जागा मजूर पक्षाने स्वतःच्या हाताने दिली.

त्याच रात्री, त्याच शहरात, शेजारच्या दक्षिण लेस्टरमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन अ‍ॅशवर्थ हे मंत्रिपदाच्या उंबरठ्यावरचे नेते ९७९ मतांनी पडले. शॉकत अ‍ॅडम या अपक्षाने त्यांना पाडलं, मुद्दा गाझाचा. ब्लॅकबर्न, पेरी बार, ड्यूजबरी-बॅटली इथेही असेच अपक्ष आले. उत्तर इलफर्डमध्ये वेस स्ट्रीटिंग ५२८ मतांनी वाचले. आणि भावनगरींचं ते बेथनल ग्रीन? आता तिथे सिल्हेटी मुस्लिमांची दाट वस्ती आहे. रुशनारा अली यांचं २०१९ चं मताधिक्य ३७,५२४ होतं, २०२४ मध्ये उरलं १,६८९. गाझावर युद्धबंदीची मागणी करायला मजूर पक्षाने लावलेला वेळ तिथल्या लोकांनी लक्षात ठेवला, जसा २००५ मध्ये इराक ठेवला होता. तेव्हा त्याच भागातून गॅलोवे ८२३ मतांनी आले होते.

इप्सॉसच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अल्पसंख्याकांतली ६४ टक्के मतं मजूर पक्षाला होती, २०२४ मध्ये ती निम्म्याखाली आली, पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर येत असताना. आणि सोडून गेलेली मतं एका दिशेने गेली नाहीत. पूर्व हॅरोत हिंदूंच्या पाठिंब्यावर हुजूर पक्षाच्या बॉब ब्लॅकमन यांना निम्म्याहून अधिक मतं मिळाली, अशी टक्केवारी त्या वर्षी त्या पक्षाच्या दुसऱ्या कोणालाच मिळाली नाही. मुस्लिम मतदार अपक्षांकडे, ग्रीन पक्षाकडे गेले. कृष्णवर्णीय मतदार त्यामानाने जागेवर राहिले. आता ‘अल्पसंख्य मत’ असं एकवचनात बोलणाऱ्याला मी विचारतो, कोणतं?

आणि एकूण मतदारांशी तुलना करायची तर तीही इथेच करावी लागते. गोऱ्या ब्रिटनमध्ये वर्गाचं बंधन सत्तरच्या दशकापासून सैल होत गेलं, सार्वमतानंतर तुटलंच. बोल्सोव्हर २०१९ मध्ये हुजूर पक्षाकडे गेलं, २०२४ मध्ये परत आलं. त्या निवडणुकीत मजूर आणि हुजूर दोघांना मिळून साठ टक्केही मतं मिळाली नाहीत. अल्पसंख्य मतदार हेच करताहेत, थोडे उशिरा. त्यांना बांधून ठेवणारी दोरी वर्गाची नव्हती, भीतीची होती, म्हणून ती जास्त टिकली. हुजूर पक्षाचा नेता सुनक, मग केमी बेडनॉक, असा झाल्यावर पंजाबी म्हातारीची स्मेदिकची आठवण पुसली जात नाही, पण तिच्या नातवाला ती सांगीवांगीची वाटते. ‘आपला माणूस’ नेता झाला म्हणून मतं येतात, असंही दिसलं नाही. सुनक यांच्या पक्षाला अल्पसंख्याकांत फायदा झाला नाही. १९८७ मध्ये चार असलेले अल्पसंख्य खासदार २०२४ मध्ये ९० झाले आहेत, सर्व प्रमुख पक्षांत विखुरलेले. दादाभाई, भावनगरी, सकलातवाला यांची विभागणी परत आली आहे, फक्त या वेळी ती मतदारांतही आहे.

एक फरक मात्र अजून शाबूत आहे आणि त्याच्यावर मथळे होत नाहीत. २०१० च्या पाहणीत पात्र गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ९० टक्क्यांची नावं यादीत होती, अल्पसंख्याकांत ७८, आफ्रिकी वंशाच्यांत तर साठीच्या आसपास. नाव यादीत असलं की मतदान जवळपास सारखंच. म्हणजे उदासीनता बूथवर नाही, नोंदणीच्या कागदावर आहे. आपल्याला मताचा हक्क आहे हेच पुष्कळ राष्ट्रकुल नागरिकांना ठाऊक नसतं. भाड्याची घरं बदलणाऱ्यांची नावं गळतात. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने नोंदणी आपोआप व्हावी यासाठी पावलं टाकण्याचं आणि १६ व्या वर्षी मताधिकार देण्याचं जाहीर केलं. ते अमलात आलं तर यादीत येणाऱ्यांत बर्मिंगहॅम, लुटन, लेस्टर, पूर्व लंडन इथली तरुण, भाडेकरू, अल्पसंख्य माणसं मोठ्या संख्येने असतील. ती कुणाला मत देतील हे आज लेस्टरमधला कोणताही कार्यकर्ता छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि सांगितलंच तर त्याच्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.